परदेशी मालाकडे हात का वळतो?

मे २०२५ मध्ये पुण्याच्या मार्केट यार्डातील फळव्यापाऱ्यांनी तुर्कस्तानचे सफरचंद विकणे थांबवले. भारत-पाकिस्तान संघर्षात तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतली होती आणि व्यापाऱ्यांनी आपणहून ठरवले की हा माल आता गाळ्यावर नको. गिऱ्हाइकांनीही साथ दिली. तो निर्णय मनापासूनचा होता. पण तुर्की सफरचंदाच्या जागी कोणते सफरचंद येणार, या प्रश्नाला व्यापारी जे उत्तर देत होते त्यात हिमाचल आणि उत्तराखंडच्या बरोबरीने इराणचेही नाव होते. मे महिन्यात हिमाचलच्या झाडावर तोडणीचे फळ नसते. तिथला हंगाम जुलैच्या आसपास सुरू होतो. काश्मीरचे आदल्या वर्षीचे फळ शीतगृहात जेवढे उरले असेल तेवढेच. एका देशाला नकार देणे व्यापाऱ्याच्या हातात होते, पण देशी फळ बारा महिने पुरवणे ना त्याच्या हातात होते, ना गिऱ्हाइकाच्या.

देशात बनलेली वस्तू सोडून लोक आयात केलेली का घेतात, या प्रश्नाला आपल्याकडे एक तयार उत्तर आहे: लोकांना परदेशी मालाचे वेड आहे, स्वाभिमान उरलेला नाही. हे उत्तर शंभर वर्षांहून जुने आहे आणि त्यात थोडे तथ्यही आहे. मात्र आपण खरोखर काय काय आयात केलेले वापरतो आणि ते कसे आपल्यापर्यंत येते, हे एकेक करून पाहू लागले की वेडाचा वाटा फार लहान निघतो. भाव, एकसारखेपणा, पुरवठ्यातील सातत्य आणि विश्वास या गोष्टींचा वाटा मोठा. आणि सर्वांत मोठा वाटा अशा मालाचा, जो परदेशी आहे हे घेणाऱ्याला माहीतच नसते.

सफरचंदाचेच पुढे पाहू. देशात वर्षाला सुमारे पंचवीस लाख टन सफरचंद पिकते आणि पाच लाख टनांच्या आसपास बाहेरून येते. वॉशिंग्टनच्या सफरचंदावर पन्नास टक्के आयात शुल्क भरावे लागते. २०१९ ते २०२३ या काळात तर त्यावर आणखी वीस टक्के होते. एवढे शुल्क भरून, समुद्रमार्गे कित्येक आठवडे प्रवास करून आलेले फळ महाग असते आणि तरीही विकले जाते. घेणाऱ्याला विचारले तर तो चवीबद्दल फारसे बोलत नाही. काश्मिरी फळ जास्त गोड, जास्त वासाचे असते हे तोच सांगतो. पण परदेशी फळ सारख्या आकाराचे असते, कुरकुरीत असते, आतून पिठूळ निघत नाही, आणि आज घेतले तसेच पुढच्या आठवड्यात मिळते.

ही किमया मातीची नाही. नियंत्रित हवेच्या शीतगृहात फळाचा श्वास मंद केला जातो, यंत्रावर आकार आणि रंगानुसार प्रतवारी होते, पेटीत किती फळे आहेत ते पेटीवर छापलेले असते आणि उघडल्यावर तेवढीच सापडतात. आपल्याकडे हिमाचलमध्ये ठरावीक मापाची एकसारखी पेटी सक्तीची झाली ती २०२४ च्या हंगामात. त्याआधीच्या एकात एक सरकणाऱ्या (टेलिस्कोपिक) पेटीत किती किलो कोंबायचे याला धरबंद नव्हता. वरच्या थरात निवडक फळ आणि तळाशी बारीक, ही तक्रार घाऊक बाजारात कुणालाही नवी नाही. पेटी न उघडता विकत घेता येणे ही व्यापारातली फार मोठी गोष्ट असते. स्टिकर लावलेल्या फळाला जो जास्तीचा भाव मिळतो तो बहुतांशी याच भरवशाचा असतो.

हे आपल्या लोकांना कळत नाही असे मुळीच नाही. देवगडच्या आंबा उत्पादकांनी २०२५ च्या हंगामात फळावर क्रमांक असलेला स्टिकर लावायला सुरुवात केली, कारण कर्नाटकातला आंबा देवगड हापूस म्हणून खपवला जात होता. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले होते, पण मानांकनाचा कागद गिऱ्हाइकाच्या हातातल्या फळावर दिसत नव्हता. स्टिकर दिसतो. ही धडपड मला कुठल्याही बहिष्कारापेक्षा महत्त्वाची वाटते. याच हापूसची दुसरी बाजूही आहे. वाशीच्या बाजारात गेली काही वर्षे नोव्हेंबर-डिसेंबरात आफ्रिकेतल्या मलावी देशातून हापूस येतो. कलमे कोकणातून गेलेली, जमीन तिकडची. दक्षिण गोलार्धात हंगाम उलटा असल्याने आपल्या झाडांना मोहोर येत असतो तेव्हा तिथे फळ तयार असते. दर भरमसाट असूनही तो खपतो. हा माल घेणाऱ्याने रत्नागिरीच्या बागायतदाराला डावलले असे म्हणता येणार नाही, कारण त्या महिन्यात रत्नागिरीच्या बागेत द्यायला आंबाच नसतो.

आता थोडे मागे जाऊ, कारण या वादाची आपल्या भाषेतली परंपरा मोठी आहे. पुणे सार्वजनिक सभा १८७० मध्ये स्थापन झाली आणि सार्वजनिक काका म्हणजे गणेश वासुदेव जोशी यांनी देशी मालाचा पुरस्कार सुरू केला तो त्यानंतर लगेच. १८७७ च्या दिल्ली दरबाराला ते हातसुताची खादी घालून गेले. गांधीजी त्या वेळी शाळकरी वयाचे होते. पुढे न्यायमूर्ती रानडे यांनी प्रश्न भावनेतून उचलून कारखानदारीवर आणला: भांडवल, तंत्रशिक्षण, पतपुरवठा, सरकारी खरेदी. १९०५ मध्ये बंगालच्या फाळणीनंतर पुण्यात विलायती कपड्यांची होळी झाली आणि स्वदेशी हा शब्द घराघरांत पोचला. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवी रस्त्यावर विलायती कापडाची मालमोटार अडवताना बाबू गेनू चिरडला गेला. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा हा तरुण गिरणी कामगार होता.

एवढा त्याग होऊनही मँचेस्टरचे कापड इतकी वर्षे का खपत राहिले? मुख्य कारण भावाचे आणि पोताचे होते. लँकेशायरच्या यंत्रांवर बारीक सूत स्वस्तात निघत असे. मुंबईच्या गिरण्या बराच काळ जाडेभरडे सूत कातत होत्या, कारण आपल्या आखूड धाग्याच्या कापसातून बारीक सूत निघणे कठीण. त्यात सरकार तिकडचे. १८८२ मध्ये विलायती कापडावरची जकात काढून टाकली गेली. पुढे महसुलासाठी ती पुन्हा बसवावी लागली, तेव्हा १८९६ मध्ये देशी गिरण्यांच्या कापडावरही साडेतीन टक्के अबकारी कर लादला, म्हणजे लँकेशायरची बाजू पडती राहू नये. हा कर १९२५ पर्यंत टिकला. बाजारात दोन धोतरजोड्या शेजारी ठेवल्या होत्या आणि त्यांतल्या एकीवर सरकारचा हात होता. गिऱ्हाइकाची निवड मोकळी होती असे त्या काळाबद्दल म्हणणे अन्यायाचे आहे.

स्वदेशीच्या लाटेत देशी कापडाला मागणी वाढली तेव्हा मुंबईच्या गिरणीमालकांनी भाव चढवले, ही गोष्टही नोंदवायला हवी. बंगालमध्ये आंदोलन ज्यांच्या जोरावर चालले होते त्यांना जाडे आणि महाग कापड परवडत होते; गरीब शेतकऱ्याला आणि खेड्यातल्या बाजारात विलायती माल विकून पोट भरणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याला ते परवडत नव्हते. रवींद्रनाथांनी ‘घरे बाइरे’ या कादंबरीत नेमका हाच सल मांडला आहे. स्वदेशीचा खर्च कुणी सोसायचा, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे.

त्याच काळात महाराष्ट्रात काही जणांनी वेगळी वाट धरली. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघर एकेक पैसा मागून पैसा फंड उभारला आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला. तिथे शिकलेले कारागीर पुढे देशभर पसरले. कराडजवळ ओगलेवाडीला १९१६ मध्ये ओगले काच कारखाना सुरू झाला आणि परदेशी कंदिलांच्या बाजारात ‘प्रभाकर’ कंदिलाने आपली जागा केली. लक्ष्मणराव किर्लोस्करांची कहाणी तर या विषयात मुद्दाम सांगावी अशी आहे. त्यांच्या लोखंडी नांगराला शेतकरी हात लावेनात. लोखंडाने जमीन नासते अशी समजूत होती. पहिले थोडेसे नांगर विकायला दोनेक वर्षे गेली. त्यांच्यासमोर विलायती बनावटीचे नांगरही होते. किर्लोस्करांनी नांगराचा फाळ सुधारला, झिजणारे भाग सहज मिळतील याची व्यवस्था केली आणि १९१० मध्ये कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. देशी आहे म्हणून घ्या, एवढ्यावर ते थांबले नाहीत.

स्वातंत्र्यानंतर आपण उलट टोक गाठले. आयात परवान्याशिवाय जवळजवळ काहीच येत नव्हते आणि ग्राहकोपयोगी वस्तू तर नाहीच. आज साठी-सत्तरीत असलेल्या माणसांच्या मनात ‘फॉरेनचा माल’ या शब्दांना जी झळाळी आहे ती त्या काळातली. चेतक स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. एचएमटीने १९६१ पासून देशात घड्याळे बनवायला सुरुवात केली आणि ती चांगलीही होती, पण जगात क्वार्ट्झ आले तेव्हा कंपनी मागे राहिली. मुंबईत मनीष मार्केट आणि मुसाफिरखान्याच्या गल्ल्यांत चोरट्या मार्गाने आलेली जपानी घड्याळे, टेपरेकॉर्डर, साड्या यांचा बाजार भरत असे. रत्नागिरी, दापोली, महाड भागातून आखातात गेलेले लोक सुट्टीला येताना टेपरेकॉर्डर आणि अत्तराच्या बाटल्या घेऊन येत आणि गावात त्या घराची पत वाढे.

गोव्याचा अनुभव वेगळा. १९५५ मध्ये भारताने आर्थिक नाकेबंदी केली तेव्हा पोर्तुगीज सरकारने खनिज लोखंडाच्या निर्यातीतून येणाऱ्या परकीय चलनावर आयातीचे दरवाजे मोकळे ठेवले. पणजी-मडगावच्या दुकानांत युरोप-जपानचा जो माल सहज मिळत होता तो बेळगाव-सावंतवाडीला स्वप्नात नव्हता. घाटातून आणि समुद्रातून तो इकडे येत असे. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि काही काळाने ती दुकाने देशी मालाने भरली.

या बंदिस्त काळाने एक दीर्घकाळ टिकणारे नुकसान केले. गिऱ्हाईक पर्यायाविना अडकलेले असल्यामुळे कारखानदाराला सुधारण्याची निकड उरली नाही, आणि देशी म्हणजे तडजोड ही समजूत दोन पिढ्यांत मुरली. ती समजूत मोडायला भाषणे उपयोगी पडली नाहीत, घड्याळे उपयोगी पडली. टाटा समूह आणि तमिळनाडू सरकारच्या औद्योगिक महामंडळाने मिळून १९८४ मध्ये टायटन कंपनी काढली, होसूरला कारखाना उभारला आणि १९८७ मध्ये क्वार्ट्झ घड्याळे बाजारात आणली. नेटकी दुकाने, देखणी घडण आणि विक्रीनंतरची सेवा. पुढे आयात खुली होऊन परदेशी घड्याळे राजरोस मिळू लागली तेव्हाही टायटन जागेवरून हलले नाही.

आयातीवरची संख्यात्मक बंधने उठली ती टप्प्याटप्प्याने. १ एप्रिल २००० रोजी ७१४ वस्तू खुल्या झाल्या आणि १ एप्रिल २००१ रोजी उरलेल्या ७१५. त्याच वर्षी डिसेंबरात चीन जागतिक व्यापार संघटनेत आला. आजच्या चिनी मालाच्या पुराची सुरुवात या दोन तारखांमध्ये शोधावी लागते. पुण्याच्या बोहरी आळीत किंवा मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटच्या गल्ल्यांत दिवाळीआधी फिरले की दिव्यांच्या माळा, फुलांची तोरणे, खेळणी, कंपासपेट्या यांत चिनी माल किती आहे हे दुकानदारच सांगतो. तो पुढे असेही सांगतो की गिऱ्हाईक देश विचारत नाही, भाव विचारते. महिन्याच्या शेवटी मुलाला खेळणे घेणाऱ्या आईकडून वेगळी अपेक्षा धरणे मला तरी योग्य वाटत नाही.

राग मनात असूनही भाव जिंकतो, याचा पुरावा आकड्यांत आहे. जून २०२० मध्ये गलवानला वीस जवान हुतात्मा झाले आणि देशभर चिनी मालावर बहिष्काराची हाक उठली. २०१९-२० मध्ये चीनमधून सुमारे ६५ अब्ज डॉलरची आयात झाली होती. बहिष्काराच्या, टाळेबंदीच्या वर्षातही ती जवळजवळ तेवढीच राहिली आणि २०२१-२२ मध्ये ९४ अब्जांच्या पुढे गेली. २०२४-२५ मध्ये ती ११३ अब्जांवर पोचली. यातला मोठा भाग घरगुती गिऱ्हाइकाने घेतलेलाच नाही. इलेक्ट्रॉनिक सुटे भाग, यंत्रे, रसायने, औषधांचा कच्चा माल हे आपल्या कारखान्यांनी घेतले. आज देशात विकला जाणारा जवळपास प्रत्येक मोबाइल देशातच जुळवला जातो, पण त्याच्या पोटातले भाग बाहेरून येतात. औषधाच्या गोळीचे पाकीट बद्दी किंवा सिक्कीमचे असले तरी मूळ द्रव्य बहुधा चीनचे. अशा वस्तूला देशी म्हणायचे की परदेशी?

खेळण्यांचे उदाहरण मात्र आशा देणारे आहे आणि गुंतागुंतीचेही. भारतीय गुणवत्ता परिषदेने २०१९ मध्ये दिल्ली परिसरातली खेळणी तपासली तेव्हा सुमारे दोन तृतीयांश नमुने सुरक्षिततेच्या चाचणीत नापास झाले, आणि त्यांत आयात मालाचाच भरणा होता. फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरचे मूळ सीमाशुल्क २० वरून ६० टक्के झाले, पुढे २०२३ मध्ये ७० टक्के. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर भारतीय मानक ब्युरोची मोहोर सक्तीची झाली. सरकारी आकड्यांप्रमाणे २०१८-१९ मधली सुमारे २,९६० कोटी रुपयांची आयात २०२१-२२ मध्ये ८७० कोटींवर आली. शुल्क आणि दर्जाची अट एकत्र आली की बाजाराची दिशा बदलते, हे यातून सिद्ध झाले.

पण सावंतवाडीच्या चितार आळीत याचा लाभ किती पोचला? पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची फळे, बाहुल्या, भातुकलीची भांडी बनवणाऱ्या या कारागिरांना मानक मोहोरेतून सूट मिळाली, तीही आदेश निघाल्यावर हस्तकलांसाठी वेगळी दुरुस्ती करावी लागली तेव्हा. त्यांचा प्रश्न चीनशी स्पर्धेचा थोडा आणि लाकूड मिळण्याचा, पुढची पिढी या धंद्यात राहण्याचा, पुण्या-मुंबईच्या दुकानापर्यंत माल पोचवण्याचा जास्त आहे. आयात अडवली की रिकामी झालेली जागा आधी प्लास्टिकचे मोठे देशी कारखाने घेतात. स्थानिक या शब्दात आपण नेमके कुणाला धरतो, हे बोलणाऱ्याने स्पष्ट करायला हवे.

आता त्या ‘वेडा’कडे येऊ, कारण ते अगदीच खोटे नाही. माल कोणत्या देशाचा आहे यावरून त्याबद्दलचे मत बदलते का, याचा अभ्यास गेली साठ वर्षे चालू आहे. रॉबर्ट स्कूलर यांनी १९६५ मध्ये ग्वाटेमालातल्या विद्यार्थ्यांपुढे एकच माल वेगवेगळ्या शेजारी देशांच्या चिठ्ठ्या लावून ठेवला. चिठ्ठी बदलली की मत बदलत होते. शिंप आणि शर्मा यांनी १९८७ मध्ये देशी मालाबद्दलची निष्ठा मोजणारी प्रश्नावली तयार केली, ती आजही वापरली जाते. जिल क्लाइन आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये चीनच्या नानजिंग शहरात जपानी मालाबद्दल विचारले, तेव्हा तिथले लोक जपानी वस्तूंचा दर्जा नाकारत नव्हते, तरी जुन्या जखमेमुळे त्या घ्यायला तयार नव्हते. भारतातल्या ग्राहकांचा एक महत्त्वाचा अभ्यास राजीव बत्रा, वेंकटराम रामस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केला. परदेशी वाटणारी नावे दर्जासाठी पसंत केली जातातच, पण त्यापलीकडे प्रतिष्ठेसाठीही केली जातात, आणि चारचौघांत दिसणाऱ्या वस्तूंच्या बाबतीत हे अधिक घडते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. म्हणजे मनगटावरच्या घड्याळाला जो नियम लागतो तो न्हाणीघरातल्या बादलीला लागत नाही.

देशाची कीर्ती कायमची नसते, हेही इतिहासात दिसते. ब्रिटिश संसदेने १८८७ मध्ये कायदा करून परदेशी मालावर देशाचे नाव टाकायला लावले, म्हणजे स्वस्त आणि हलका जर्मन माल गिऱ्हाइकाला ओळखू यावा. जर्मनांनी दर्जा असा वाढवला की ती बदनामीची खूणच त्यांची जाहिरात झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी मालही तकलादू म्हणून हिणवला जात होता. वीस-पंचवीस वर्षांत चित्र उलटले.

आपल्याकडचे कारखानदार या मानसिकतेला ओळखून आहेत. लुधियानाची लोकर ‘मॉन्टे कार्लो’ नावाने विकली जाते. ‘लॅक्मे’ हे सौंदर्यप्रसाधनांचे नाव टाटांनी १९५२ मध्ये फ्रेंच वळणाचे घेतले; आज ती मालमत्ता बहुराष्ट्रीय कंपनीच्या भारतीय शाखेकडे आहे. उलट मूळ चेकोस्लोव्हाकियाची बाटा कंपनी आपल्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या देशी वाटत आली. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन सोहळ्यात प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला मंचावर आणल्या आणि त्यांचे मूळ सांगितले नाही, तेव्हा कोल्हापुरात संताप उसळला. कंपनीला मूळ मान्य करावे लागले. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले होते. पण कोल्हापूरच्या चप्पल ओळीत कारागिराला भाव पाडून मागणारे गिऱ्हाईक आपलेच असते, हेही त्या संतापाच्या वेळी कुणीतरी बोलायला हवे होते. हाताने कमावलेल्या चामड्याला आणि शिवणीला लागणारे दिवस आपण मोजत नाही.

शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत मोठा मुद्दा स्वयंपाकघरातला आहे. खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल आपण आयात करतो, वर्षाला दीड कोटी टनांहून जास्त. इंडोनेशिया आणि मलेशियाचे पामतेल, अर्जेंटिना आणि ब्राझीलचे सोयातेल, रशिया आणि युक्रेनचे सूर्यफूल. फरसाण, बिस्किटे, वेफर्स, हॉटेलातली भजी, सगळीकडे पामतेल आहे. कुणी दुकानात जाऊन इंडोनेशियाचे तेल द्या म्हणत नाही. ‘परदेशी मालाचे वेड’ या उत्तराचा इथे काडीइतका उपयोग नाही.

हे नेहमीच असे नव्हते. १९८६ मध्ये तेलबियांसाठी तंत्रज्ञान मोहीम सुरू झाली आणि नव्वदीच्या सुरुवातीला देश खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला होता. त्यानंतर १९९४ पासून पामतेलाची आयात खुली झाली, शुल्क उतरत गेले आणि तेलबियांचा शेतकरी उघड्यावर पडला. सूर्यफुलाचे देशातले क्षेत्र १९९३-९४ मध्ये २६ लाख हेक्टरांच्या वर होते. आज ते अडीच लाखांच्या आसपास आहे. लातूर, धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद), सोलापूरकडच्या ज्यांनी रब्बीत पिवळी शेते पाहिली आहेत त्यांना या आकड्याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. करडईचे तेल ही मराठवाड्याच्या घराघरातली वस्तू होती. आज ते लाकडी घाण्याच्या दुकानात चैनीच्या भावाने मिळते. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटले आणि सूर्यफूल तेलाचे दर भडकले, तेव्हा आपण किती लांबच्या शेतावर अवलंबून आहोत हे सगळ्यांना कळले. मग ते विसरले गेले.

शुल्काचे हेलकावे पाहावेत. १४ सप्टेंबर २०२४ पासून कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ शुल्क शून्यावरून २० टक्के केले गेले. ३० मे २०२५ रोजी ते १० टक्क्यांवर आणले. सोयाबीनचा २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि हंगामात लातूरच्या बाजारात तो मिळत नव्हता. तुरीची कहाणी हीच. मोझांबिक आणि म्यानमारची तूर शुल्काविना येते, डिसेंबर २०२३ पासून पिवळा वाटाणाही तसाच येऊ दिला गेला, आणि २०२४-२५ मध्ये डाळींची आयात विक्रमी, सत्तर लाख टनांच्या वर गेली. त्याच वेळी विदर्भ-मराठवाड्यात तूर अनेक बाजारांत हमीभावाखाली विकली जात होती.

दुसरी बाजूही खरी आहे. २०१५ च्या दिवाळीत तूरडाळ किलोला दोनशे रुपये झाली होती आणि गरीब घरांतले वरण पातळ झाले होते. आयात नकोच असे म्हणणे शहरातल्या कष्टकऱ्याच्या ताटावर अन्याय करणारे आहे. माझा आक्षेप आयातीवर नाही, तिच्या लहरीपणावर आहे. भाव चढला की शुल्क काढायचे आणि शेतकऱ्याने त्या चढ्या भावाकडे पाहून पेरा वाढवला की नेमक्या त्याच हंगामात स्वस्त माल उतरवायचा, या पद्धतीने कुठलाही देशी उत्पादक उभा राहू शकत नाही. सफरचंदवाल्याला शीतगृह बांधायला, तेलघाण्याला यंत्र घ्यायला, शेतकऱ्याला करडई पेरायला पाच-सात वर्षांचा अंदाज लागतो.

गिऱ्हाइकाच्या हातात काहीच नाही असेही नाही. मुंबई ग्राहक पंचायतीने १९७५ पासून कुटुंबांचे गट करून घाऊक खरेदी आणि थेट वाटप चालवले आहे, ते आजही चालते. अशा गटाला देशी उत्पादकाकडून दर्जाची अट घालून माल घेता येतो, एकट्या गिऱ्हाइकाला ते जमत नाही. गृहनिर्माण संस्थांनी, महिला बचत गटांनी वर्षाची डाळ आणि तेल असे ठरवून घ्यायला हरकत कसली?

आणि दोन मागण्या सरकारकडे. तेलाच्या पिशवीवर शुद्धीकरण कुठे झाले ते आपल्याला वाचायला मिळते. बी कोणत्या देशात पिकले तेही ठळक अक्षरांत छापणे सक्तीचे करावे, आणि मिश्रण असेल तर प्रत्येक देशाचा वाटा द्यावा. दुसरी मागणी त्याहून तातडीची आहे. खरिपाची पेरणी जूनमध्ये होते आणि सोयाबीन दसऱ्याच्या सुमारास बाजारात येते. तेल आणि डाळींवरचे आयात शुल्क मे महिन्याआधी जाहीर करावे आणि पीक विकून होईपर्यंत त्याला हात लावू नये.